दोनदा वाजवलेला रुपया

वैजंताबाईंनी पिशवीची गाठ दातानं सोडली आणि पिशवी आमच्या काउंटरवर उपडी केली. खणखण करत रुपये पसरले. एक गडगडत माझ्याकडे आला, मी तो हाताखाली झाकून धरला, आणि आण्णा, माझे वडील, म्हणाले, "शालू, हात काढ. गिऱ्हाइकाच्या नाण्यावर हात ठेवायचा नाही."

"पडत होता म्हणून धरला."

"पडू दे. पडलेलं त्यांनी उचलायचं."

मी तेव्हा सहावीत होते आणि मला गप्प बसता येत नसे. आताही येत नाही, पण आता त्याची बक्षिसं मिळतात. तेव्हा फक्त बोलणी मिळायची. आण्णा म्हणायचे, महामुनी सोनाराकडून तुझ्या तोंडाला चांदीची कडी बसवून घेतो, लग्नात दागिना म्हणून चालेल.

आमचं दुकान बार्शीच्या सराफ गल्लीत आहे. पुढचा अर्धा भाग घड्याळदुरुस्तीचा आणि आतला अर्धा जुन्या नाण्यांचा. दोन्हीकडे डोळ्याला लावायचं भिंग एकच. आम्ही पोतदार. आमच्या घराण्यात नाणं पारखायचं काम इतकं जुनं आहे, की गल्लीतले लोक अजून म्हणतात, पोतदारानं खरा म्हटला तो खरा. आणि आण्णांचा एक नियम होता. पारखायला आलेलं नाणं आपण विकत घ्यायचं नाही. जो भाव सांगतो त्यानंच गिऱ्हाईक व्हायचं नाही, म्हणायचे.

"महामुनींनी धाडलंय," वैजंताबाई म्हणाल्या. त्या वैरागच्या अलीकडच्या एका गावातल्या, तिशी ओलांडलेल्या, उन्हानं रापलेल्या. "देवाचे टाक करायचेत. ते म्हणाले, ह्यात समदे चांदीचे न्हाईत, आधी पोतदाराकडून निवडून आणा. परवा घट बसायचेत, आण्णा. त्याच्या आत झालं पायजे."

टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले घरातले देव. भाऊ वेगळे झाले की थोरल्याकडे जुने देव राहतात आणि धाकट्याला नवे करून घ्यावे लागतात. आणि आमच्याकडे ती चांदी बाजारातून आणत नाहीत. घरातलीच लागते.

"मालक गेले माझे शिमग्यात," वैजंताबाई म्हणाल्या. "आता थोरल्या दिरानं येगळं काढलंय. पोराच्या नावानं देव मांडते."

दीर दारातच उभे होते. त्यांना त्या तात्या म्हणत. पांढरी टोपी, पायात नवी चप्पल, हातात मोटारसायकलची किल्ली. ती ते बोटाभोवती फिरवत होते.

"आईच्या पेटीतली पिशवी हाय," तात्या म्हणाले. "वाटणीत धरली न्हाई मी. पाच मान्सांसमोर तिला दिली, म्हणलं देव कर. पर एक सांगून ठेवतो पोतदार, त्यात मोहोर-बिहोर काय निघालं, तर ते घरचं. ते देवाच्या नावावर न्हाई."

"पाच माणसांसमोर दिली ना?" आण्णांनी विचारलं.

"चांदी दिली. मोहोर न्हाई दिली."

आतल्या स्टुलावर खासनीसकाका चहा पीत बसले होते, ते हसले. खासनीसकाका पुण्याचे. महिन्यातून एकदा यायचे आणि आण्णांकडून नाणी घेऊन जायचे. येताना माझ्यासाठी बाकरवडी आणायचे आणि मला वकीलसाहेब म्हणायचे. घरात मला बोलू देणारे तेवढे एकच होते, त्यामुळे मला ते फार आवडायचे. नाण्यावरचं साल कसं वाचायचं, ते मला त्यांनीच शिकवलं होतं.

आण्णांनी काळा दगड पुढं ओढला आणि एकेक रुपया त्यावर सोडायला लागले. हे मला तासन्‌तास बघायला आवडायचं. चांदीचा रुपया दगडावर पडला की गातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले रुपये अर्धेच चांदीचे, ते थोडं गाऊन थांबतात. गिलटाचा तर नुसता ठक्‌ करतो, दारावर कुणी आल्यासारखा. आण्णा डोळे मिटून ऐकायचे आणि नाणं डावीकडे किंवा उजवीकडे सरकवायचे. एका नाण्याला एकदाच. दुसऱ्यांदा वाजवायची त्यांना कधी गरजच पडायची नाही.

डावीकडे चांदीचे जमत गेले. वैजंताबाई ओठ हलवत देवांची नावं घेत होत्या. एवढ्यात भवानी झाली, एवढ्यात खंडोबा होईल.

मग एक काळपट रुपया आला. बाकीच्यांवर राणी होती, राजा होता. ह्याच्यावर कुणाचं तोंड नव्हतं, नुसती अक्षरं होती, अर्धी नाण्याबाहेर गेलेली, आणि एका कोपऱ्यात इवलीशी कट्यार.

आण्णांनी तो सोडला. तो गायला. बराच वेळ गायला.

आण्णांनी डोळे उघडले. भिंग लावलं. कट्यारीवर अंगठा फिरवला. आणि तो रुपया त्यांनी पुन्हा दगडावर सोडला.

मला ती कट्यार माहीत होती. आण्णांच्या टेबलाच्या काचेखाली एका नाण्याचा छापील फोटो होता, मासिकातून कापलेला, कडा पिवळ्या पडलेला. एका छोट्या संस्थानानं स्वतःची टांकसाळ काढली, ती एक पावसाळा चालली आणि बंद पडली. त्यातलं नाणं हातात धरायला मिळावं, एवढीच आण्णांची हौस होती. शेजारच्यांना मोटारगाडीची असते तशी. तो फोटो बघत मी लहानपणी जेवलेय.

मी तोंड उघडलं. काउंटरखाली आण्णांचा गुडघा माझ्या गुडघ्यावर येऊन दाबला गेला. इतक्या जोरात, की मी बोलायचं ते गिळलं.

"हा खोटा आहे," आण्णा म्हणाले.

त्यांनी तो डावीकडेही सरकवला नाही आणि उजवीकडेही नाही. उचलून वैजंताबाईंच्या हातात दिला. "हा वितळवू नका. देवात खोट येईल. हा तसाच घरी ठेवा."

"खोटा?" तात्या पुढं आले. "बघू." त्यांनी तो वर-खाली केला, दाताखाली धरून पाहिला आणि परत दिला. "आईला कुणीतरी गंडवलं म्हणायचं. ठेव पोराला खेळायला."

वैजंताबाईंचं तोंड उतरलं. "म्हणजे एक कमी पडला. भैरोबा ऱ्हाणार की वो, आण्णा."

"बघू काहीतरी. उद्या टाक न्यायला एकट्याच याल का?"

"एकटीच. ह्यास्नी उद्या मोंढ्यावर काम हाय."

"मग जाताना इकडं या. हा रुपया घेऊन या. विसरू नका."

त्या गेल्या. थोड्या वेळानं खासनीसकाकांनी कप खाली ठेवला, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाले, "चला वकीलसाहेब, गाडी चुकेल. आज तुम्ही काहीच बोलला नाहीत, तब्येत बरी आहे ना?"

मी त्यांचा कप उचलून विसळायला नेला.

व्यापाऱ्यांची एक जुनी चाल आहे, ती आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही जाणतं. चांगल्या नाण्याला नाव ठेवायचं. झिजलंय म्हणायचं, डाग आहे म्हणायचं, खोटंच आहे म्हणायचं. माणूस खट्टू होऊन घरी जातो. मग दुसऱ्या दिवशी त्याला एकट्याला गाठायचं आणि मोठं मन केल्यासारखं करून ते नाणं काढून घ्यायचं. आण्णा ज्यांच्याशी बोलणं टाकायचे, ते ही चाल खेळायचे.

उद्या एकट्याच या. हा रुपया घेऊन या.

त्या रात्री मी जेवताना बोलले नाही. आईनं कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं. आण्णांनी भाताचं ढेकूळ फोडत विचारलं, "काय झालं?"

"काही नाही."

"तुला काही नाही झालं, असं कधी झालंय का?"

मी ताट उचलून उठले. मागून त्यांचा आवाज आला, "उद्या शाळेतून थेट दुकानात ये. कळेल तुला." मला कळून घ्यायचं नव्हतं. काचेखालच्या त्या फोटोची मला किळस आली होती.

तरी मी गेले. आत दप्तर टाकलं आणि घड्याळांच्या बाजूला बसले, नाण्यांच्या नाही. आण्णांनी काळा दगड पुसून ठेवला होता. सारखे दाराकडे बघत होते. त्यांनी दाढी केलेली होती, हेसुद्धा मला चोरासारखंच वाटलं.

वैजंताबाई आल्या त्या हसतच. एका हातात टाकांची पुडी, दुसऱ्या हातात पेढ्यांचा खोका. खोका त्यांनी आण्णांपुढं ठेवला. "पयला पेढा तुमचा. पाची देव झाले, आण्णा."

"बसा," आण्णा म्हणाले. त्यांनी बाहेर बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "वैजंताबाई, काल मी तुमच्याशी खोटं बोललो. तो रुपया खरा आहे. नुसता खरा नाही, तसा दुसरा मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. पोराच्या शिक्षणाला पुरून उरेल इतकी त्याची किंमत येईल. तात्यांसमोर सांगितलं असतं तर तो तिथंच तुमच्या हातातून गेला असता. मी तो घेणार नाही, माझा तसा नियम आहे. तुम्हाला तीन चांगल्या माणसांचे पत्ते देतो. तिघांकडं जा, तिघांचे भाव ऐका, आणि मग—"

वैजंताबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण मागून कुणी दिवा काढून घ्यावा तसं दिसायला लागलं होतं. आण्णा थांबले.

"रुपया आणलाय ना?"

"न्हाई," त्या म्हणाल्या.

"घरी आहे?"

"त्यो दिला मी. तुमचे ते पावणे हुते न्हाई का, चहा पीत बसलेले? काल महामुनींच्या कट्ट्यावर आले. म्हणले, ताई, तुमचे देव अडलेत, मला बघवंना. त्यो खोटा मला द्या, मला असल्या मोडक्या-तोडक्याची हौस हाय. आन्‌ राणीछाप खरा रुपया काढून दिला त्यांनी मला. देवाची चांदी इकायची नसती, पर चांदीला चांदी चालती की. महामुनींनी वाजवून बघितला, चांगला निघाला. भैरोबा त्याचाच झाला." त्यांनी पुडी उलगडायला घेतली आणि मध्येच थांबल्या. "मी त्यास्नी देवमाणूस म्हणाले."

गल्लीत कुणीतरी पत्रा ठोकत होतं. आण्णांनी फोन उचलला. नंबर लाव म्हणून माझ्यापुढं धरला, मी लावला, आणि तो स्पीकरवर लागला तो तसाच राहिला.

"बोल," खासनीसकाका म्हणाले.

"तो रुपया परत कर."

"कुठला?"

"खासनीस, तुला माहीत आहे कुठला. त्या बाईचा. तुला काय पाहिजे ते माझ्या कपाटातलं घे. तो परत दे."

पलीकडून त्यांचा आवाज आला, नेहमीचाच, गोड. "अरे, खोट्या रुपयाला खरा रुपया दिला मी. याहून चोख सौदा तू कधी केलायस? खोटा कोण म्हणालं? तू म्हणालास. पोतदार म्हणाला. तुझी वकीलसाहेब साक्षीला होती."

"तू ओळखलास तो."

"तू दोनदा वाजवलास ना. इतकी वर्षं बघतोय तुला. खोटं नाणं तू कधी दुसऱ्यांदा वाजवत नाहीस." मग म्हणाले, "आणि तू तरी कशाला लपवलास? मला वाटलं, तू स्वतःसाठी लपवलास. खरं सांगतो, मला बरं वाटलं. म्हटलं, चला, हाही आपल्यातलाच."

फोन बंद झाला. मी आण्णांकडे बघू शकत नव्हते. कालपासून मलाही तेच वाटत होतं.

वैजंताबाई पुडीची घडी परत घालत होत्या, घाई न करता, एकेक कोपरा दाबून. त्या ओरडतील असं मला वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आण्णा," त्या म्हणाल्या, "त्यो पावणा लबाड, हे कळलं मला. त्याचं मला काय न्हाई. लबाड मानूस लबाडीच करणार. पर त्याचं म्या ऐकलं न्हाई. तुम्ही खोटा म्हणलात, म्हणून दिला."

"तात्या उभे होते हो. ते घेऊन गेले असते."

"गेले असते, न्हाईतर म्या जाऊ दिला नसता. पाच मान्सं हुती माझ्या बाजूला. भांडले असते, कोर्टात गेले असते, न्हाईतर हरले असते." त्या उठल्या. "माझा रुपया हुता. त्याचं मला सांगायचं का न्हाई, ते तुम्ही ठरिवलं."

आण्णांनी कपाट उघडलं. त्यांचं सगळ्यात आवडतं नाणं मखमलीच्या डबीत होतं. ती डबी त्यांनी काउंटरवर सरकवली. वैजंताबाईंनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पेढ्यांचा खोका मात्र त्यांनी माझ्याकडं ढकलला.

"घे पोरी. परसाद हाय. त्याच्यात खोट न्हाई."

आण्णा दुसऱ्या दिवशी पुण्याला जाऊन आले. हात हलवत परत आले. तो रुपया तोवर आणखी कुणाकडं गेला होता, आणि कुणाकडं, ते खासनीसकाकांनी सांगितलं नाही. आण्णांनी काचेखालचा तो फोटो काढला, फाडला नाही, घडी घालून कपाटात टाकला आणि कपाटाला कुलूप लावलं.

त्यानंतर आमच्या दुकानात नुसती घड्याळं दुरुस्त व्हायची. कुणी नाणं घेऊन आलं आणि खरं की खोटं विचारलं, की आण्णा मान वर न करता म्हणायचे, महामुनींकडं जा. लोक म्हणायचे, अहो पोतदार तुम्ही. तेव्हा ते म्हणायचे, आडनाव आहे. बाकी काही नाही.

काळा दगड माझ्याकडं आला. म्हणजे मीच घेतला, कुणी दिला नाही. सुट्टीच्या दिवशी मी दुकानात बसायला लागले. आधी गल्लीतल्या बायका करमणूक म्हणून पूजेचे रुपये दाखवायच्या, मग खरंच विचारायला लागल्या. नाणं हातात घ्यायच्या आधीच मी सगळं बडबडते. हे काय आहे, कुठलं असेल, काय भाव येईल, आणि कोण तुम्हाला कमी देईल तेसुद्धा. महामुनी म्हणतात, ह्या पोरीच्या तोंडून बातमी आधी निघते आणि नाणं मागून. शाळेत वक्तृत्वाची ढाल मिळाली, तेव्हा आण्णा आईला म्हणाले होते, हिला माईक देऊन त्यांनी वीज वाया घालवली.

मी आता दहावीत आहे. ह्या नवरात्राच्या आधी एका दुपारी दुकानापुढं मोटारसायकल थांबली. मागून वैजंताबाई उतरल्या. चार वर्षांत पहिल्यांदा. केस पांढरे झालेत त्यांचे. तात्या गाडीवरच बसून राहिले, किल्ली बोटाभोवती फिरवत.

आण्णा एका मनगटी घड्याळावर वाकले होते. भिंग डोळ्याला होतं. त्यांचे हात थांबले, पण त्यांनी मान वर केली नाही.

वैजंताबाईंनी पदराच्या गाठीतून एक रुपया काढला. तो आण्णांच्या समोर ठेवला नाही. चार पावलं चालून माझ्यापुढं ठेवला.

"पोराच्या मामानं दिलाय. घटात ठिवायचाय. तू सांग, खरा का खोटा."

मी दगड पुढं ओढला.

"जरा मोठ्यांदी सांग," त्या म्हणाल्या. मान न वळवता त्यांनी बाहेरच्या मोटारसायकलीकडं बोट केलं. "त्यास्नी बी ऐकू गेलं पायजे."

मी रुपया सोडला. तो गायला, नेहमीसारखा. एकदाच वाजवला. मग गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "खरा आहे. चांदीचा आहे. साधा आहे, राणीछाप, घरोघरी सापडतो. चांदीच्या वजनावर एक पैसा जास्त कुणी देणार नाही. पण खरा आहे."

तात्यांनी गाडीवरूनच मान हलवली आणि दुसरीकडं बघायला लागले.

वैजंताबाईंनी रुपया उचलला. गाठीत बांधला. मग दाराकडं वळता वळता त्या घड्याळांच्या टेबलापाशी थांबल्या.

"आण्णा," त्या म्हणाल्या, "बरोबर सांगितलं का पोरीनं?"

आण्णांनी डोळ्याचं भिंग काढलं. ते पुसलं, खाली ठेवलं आणि मग वर बघितलं.

"बरोबर सांगितलं," ते म्हणाले. "खरा आहे."